मतांपासून जागांपर्यंत : धाराशिव जिल्ह्यातील मोजणीच्या दोन रीती

निजाम सरकारने 1939 साली जाहीर केलेल्या राज्यसुधारणांचा पाया व्यवसायनिहाय प्रतिनिधित्व हा होता. कायदेमंडळातील निर्वाचित जागा गावांना किंवा तालुक्यांना नव्हे, तर शेती, व्यापार, वकिली अशा हितसंबंधांना वाटून द्यायच्या होत्या, आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील माणसाचे मत त्याच्या धंद्यावरून मोजले जाणार होते. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आल्यावर ही कल्पना मागे पडली, आणि 1961च्या अधिनियमान्वये 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या तेव्हा मताला आधार मिळाला तो प्रदेशाचा.

या व्यवस्थेत जिल्ह्याचे गट आणि प्रत्येक गटाचे दोन गण पाडले जातात. गटातून जिल्हा परिषदेवर व गणातून पंचायत समितीवर एकेक सदस्य जातो. 2017 साली जिल्ह्यात 55 गट आणि 110 गण होते. सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो, निम्म्याहून अधिक मतांची अट नसते. त्यामुळे चौरंगी लढतीत एकतृतीयांश मतेही पुरतात आणि उरलेल्यांच्या पदरी काहीच पडत नाही. ग्रामपंचायतीत हा दोष अधिक बोचतो. तेथे एका प्रभागात सहसा दोन किंवा तीन जागा असतात, आरक्षणानुसार मतपत्रिकेचा रंग फिकट गुलाबी, हिरवा, पिवळा किंवा पांढरा असतो, आणि मतदार प्रत्येक जागेसाठी वेगळे मत देतो. मात्र मतदान पॅनेल पाहून झाले, तर विरोधक विखुरलेले असताना चाळीस टक्के मतांवर तिन्ही जागा एकाच पॅनेलकडे जातात.

जिल्हा परिषदेच्या याच सदस्यांना विधान परिषदेसाठी मात्र निराळी रीत लागू होते. उस्मानाबाद-लातूर-बीड स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती आणि नगरसेवक मतदार असतात, आणि घटनेच्या अनुच्छेद 171 नुसार ते उमेदवारांना 1, 2, 3 असे पसंतीक्रम देतात. एका जागेसाठी वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मतांचा कोटा ठरतो. तो कोणी गाठला नाही, तर तळाचा उमेदवार बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळवली जातात. लोकांनी निवडलेल्यांना दुसरी पसंती नोंदवण्याचा जो अधिकार आहे, तो खुद्द लोकांना नसावा, ही या रचनेतील खरी विषमता होय. 2018 साली या मतदारसंघात सुरेश धस 74 मतांनी विजयी झाले. त्या मतदारांपैकी जिल्हा परिषदेचे सदस्य मात्र पसंतीक्रमाविना, केवळ सर्वाधिक मतांच्या बळावर सभागृहात आलेले होते.