दत्तकाची नजर

दत्तक घेण्यास काय लागतें, असें धर्मशास्त्रास विचारलें तर उत्तर सोपें मिळतें: देणारे आईबाप, घेणारे आईबाप, होम आणि मुलास मांडीवर घेण्याचा विधि. द्रव्याचें नांव निघालेंच तर निषेधापुरतें निघतें. जुन्या स्मृतींच्या बारा प्रकारच्या पुत्रांत ‘क्रीत’, म्हणजे विकत घेतलेला, हाहि एक होता. परंतु कलियुगांत औरस आणि दत्तक हे दोनच ग्राह्य, असें निबंधकारांनीं ठरविलें. असें असतांहि मराठी मुलुखांत वतनदाराच्या घरीं दत्तक यावयाचा म्हणजे पैसा लागे, आणि पुष्कळ लागे. तो सरकारांत भरावयाचा असे.

वतन, इनाम किंवा सरंजाम उपभोगणारा पुरुष निपुत्रिक वारला म्हणजे मागें विधवा राही, आणि तिच्या भोंवतीं भाऊबंद. नीळकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखास येथें मोठा मान. त्याप्रमाणें पतीची स्पष्ट आज्ञा नसली तरीहि विधवेस दत्तक घेतां येई. शास्त्र असें अनुकूल होतें, पण चूल पेटे ती वतनाच्या उत्पन्नावर, आणि वतन पुढें चालविणें सरकारच्या मर्जीवर. म्हणून पुण्यास विनंती जाई आणि मंजुरीबरोबर नजरेचा आंकडा ठरे. पेशव्यांच्या रोजनिशींत अशा नोंदी आढळतात. वतनाची कमाई, घराण्याची ऐपत आणि बहुधा दरबारची निकडहि पाहून आंकडा कमीअधिक होई.

एवढी रोकड सुतकाच्या घरांत कोठून असणार? मग सावकार गांठावयाचा, दागिने गहाण टाकावयाचे, नाहीं तर हप्ते बांधून मागावयाचे. पुढील पिकावर आज कर्ज काढलें जाई, आणि मांडीवर आलेलें पोर जाणतें होण्यापूर्वींच ऋणको होई. तरीहि या नजरेस केवळ लूट म्हणणें अन्यायाचें होईल. सरकारी सनद हातीं आली कीं भाऊबंदांचीं तोंडें बंद होत; त्या निर्धास्तपणाची ती किंमत होती.

कंपनी सरकारच्या अमलांत याहून वाईट दिवस आले. पैसा देऊं केला तरी मंजुरी मिळेना. १८४८ सालीं सातारच्या शहाजी महाराजांनीं मृत्यूसमयीं घेतलेला दत्तक अमान्य झाला आणि राज्य खालसा झालें. झांशीस गंगाधरराव नेवाळकरांनीं नोव्हेंबर १८५३ मध्यें, मरणाच्या आदल्या दिवशीं, दत्तक घेतला. लॉर्ड डलहौसीनें गादीपुरता तो नाकारला, पण खासगी मालमत्तेपुरता मानला! त्या मालमत्तेपैकीं सहा लाख रुपये मुलाच्या नांवें सरकारी खजिन्यांत ठेवले गेले. पुढें त्याच्या मुंजीसाठीं लक्ष्मीबाईंनीं त्यांतील एक लाख मागितले, तेव्हां जामीन घेतल्यावांचून रक्कम सुटेना. मुलाचाच पैसा, मुलाचीच मुंज, आणि आईनें जामीन शोधावयाचे! दक्षिणेंत नरगुंदकर बाबासाहेब भावे यांनींहि दत्तकाची परवानगी मागितली होती. ती नाकारली गेली. १८५८ सालीं त्यांनीं बंड केलें आणि बेळगांवास त्यांना फांशी झाली.

एवढें झाल्यावर सरकारचें धोरण पालटलें. १८६२ सालीं लॉर्ड कॅनिंगनें संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. वारसाबद्दलचा नजराणा मात्र संस्थानिकांस त्यानंतरहि सुटला नव्हता. तो १९११ च्या दिल्ली दरबारांत माफ झाला. मुंबई इलाख्यांतील खासगी इनामदारांची व्यवस्था त्याच्या बरीच आधीं, १८६३ च्या कायद्यानें, लागली होती. आकाराच्या रुपयामागें एक आणा नजराणा आणि चौथा हिस्सा जुडी दरसाल भरावी, म्हणजे वारसा व हस्तांतर यांविषयींचा सरकारचा हक्क संपला. ज्यांनीं ही तडजोड पत्करली, त्यांच्या घरच्या विधवेस मग दत्तकाच्या नजरेसाठीं सावकाराचा उंबरठा झिजवावा लागेना. ती नजर सारा भरतांना आण्याआण्यानें फिटूं लागली.