गाडीनं मोडायचं कुठं?

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न रेंजचा असतो आणि दुसरा 'पेटते का हो?' हा. तिसरा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही: जोरात धडकली तर आतली माणसं वाचतात का? मेकॅनिकलची डिग्री घेऊन सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या असंख्यांपैकी मी एक. चार वर्षं घोकलेलं यंत्रशास्त्र कुठेतरी वापरावं अशी खुमखुमी अधूनमधून येते. ती भागवायला या तिसऱ्या प्रश्नामागे लागलो आणि पोचलो थेट 1950च्या दशकातल्या जर्मनीत.

तोवर मजबूत गाडी म्हणजे न वाकणारी गाडी, असा सर्वसाधारण समज होता. तो अजूनही मेलेला नाही. 'पूर्वीच्या अँबॅसॅडरचा पत्रा बघा, आताच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे' हे वाक्य प्रत्येक लग्नाच्या मांडवात एक तरी काका म्हणतातच. बेला बारेनी या डाइमलर-बेंझच्या अभियंत्यानं हा समज उलटा केला. त्याचं म्हणणं असं, की गाडीचे तीन भाग करा. मधली माणसांची खोली शक्य तितकी कणखर ठेवा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा करा. 1951 साली त्यानं पेटंटसाठी अर्ज केला आणि 1959च्या मर्सिडीझमध्ये ही कल्पना रस्त्यावर आली. त्याच वर्षी झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात मर्सिडीझनं पहिली गाडी मुद्दाम अडथळ्यावर आदळवली. पुढे गाड्यांना हवा तो वेग देण्यासाठी त्यांना मागून गरम पाण्याच्या वाफेचं रॉकेट लावत. त्या चाचण्यांचे जुने फोटो अवश्य शोधून बघा.

बारेनीचं गणित बारावीच्या पुस्तकातलंच आहे. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 14 मीटर. हा वेग 10 सेंटिमीटरमध्ये शून्यावर आणला तर शरीरावर सरासरी 98 जी इतका झटका बसतो. त्याच कामाला 60 सेंटिमीटर दिले तर तो 16 जी होतो. पट्टा लावलेला माणूस यातून बहुधा चालत बाहेर येतो. म्हणजे चुरगळलेलं बॉनेट ही माणसासाठी विकत घेतलेली जागा असते. 2009 साली अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेनं 1959ची शेवरोले बेल एअर आणि 2009ची शेवरोले मॅलिबू समोरासमोर आदळवल्या. जाड पत्र्याच्या बेल एअरमधली चालकाची जागा कोसळली. तो पुतळा माणूस असता तर वाचला नसता. मॅलिबूतल्या पुतळ्याच्या पायावर निभावलं. मांडवातल्या काकांना हा व्हिडिओ दाखवून बघितला आहे, उपयोग होत नाही.

आता यात इलेक्ट्रिक गाडी आणून ठेवा. पेट्रोल गाडीच्या नाकात इंजिन नावाचा एक न चुरगळणारा ठोकळा असतो. 60 सेंटिमीटर हवे असताना मध्ये हा लोखंडी गोळा. तो आत घुसू नये, खाली सरकावा, यासाठी अभियंत्यांनी कित्येक दशकं डोकं लढवलं. इलेक्ट्रिक मोटर त्यामानानं लहान, कधी तर पुढे नसतेच. बारेनीला हवी होती तशी मोकळी जागा आयती मिळाली. जड बॅटरी तळाशी असल्यानं गाडी उलटण्याचा धोकाही घटतो. अडचण त्या बॅटरीचीच आहे. बाकी गाडी हवी तिथं मोडू द्या, पण बॅटरी मोडता कामा नये. म्हणजे कणखर खोलीत माणसांच्या जोडीला एक नवा, माणसांइतकाच नाजूक प्रवासी आला. समोरून तो लांब असतो. बाजूनं मात्र त्याच्यात आणि खांबात दाराखालच्या पट्टीएवढंच अंतर.

हे जगाला नीट कळलं ते 2011 मध्ये. शेवरोले व्होल्ट ही बॅटरीवर चालणारी, पण सोबत पेट्रोल इंजिनही असलेली गाडी. मे महिन्यात अमेरिकी वाहतूक सुरक्षा खात्यानं, एनएचटीएसएनं, विस्कॉन्सिनमध्ये तिची बाजू खांबावर आदळवली. निकाल उत्तम आला. आतला पुतळा सुरक्षित, गाडीला पाच तारे. चाचणीनंतर नियमाप्रमाणे गाडी आडवी-उलटी फिरवून इंधन गळतं का तेही पाहिलं आणि ती अंगणात नेऊन उभी केली. तीन आठवड्यांनी ती पेटली आणि शेजारच्या गाड्याही घेऊन गेली.

तपासात असं निघालं, की धडकेत सीटखालचा एक आडवा पोलादी भाग बॅटरीच्या कप्प्यात घुसला होता आणि थंडाव्याचा द्रव गळत होता. गाडी फिरवली तेव्हा तो इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत पोचला. पण मला यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पेट्रोल गाडीची टाकी धडकेनंतर रिकामी करायची हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. बॅटरीही तशी 'रिकामी' करावी लागते हे त्या अंगणातल्या कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. धडकेची गोष्ट गाडी थांबली की संपते असं साठ वर्षं गृहीत होतं, आणि ही गाडी तीन आठवडे आत काहीतरी शिजवत उभी होती. जनरल मोटर्सनं बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत केला. जानेवारी 2012 मध्ये चौकशी बंद झाली, तेव्हा रस्त्यावरच्या अपघातात एकही व्होल्ट अशी पेटलेली नव्हती. इलेक्ट्रिक गाड्यांना पेट्रोल गाड्यांपेक्षा आगीचा धोका जास्त आहे असं वाटत नाही, हेही खात्यानं नोंदवलं.

पुढच्या बऱ्याच गोष्टी अशाच धक्क्यांतून आल्या. 2013च्या शरद ऋतूत रस्त्यावरचे लोखंडी तुकडे पोटाखाली लागून टेस्लाच्या मॉडेल एसला आगी लागल्या आणि 2014 मध्ये तळाला टायटॅनियमचं कवच आलं. (याच गाडीला 5.4 तारे मिळाल्याची जाहिरात कंपनीनं केली होती. पाचाच्या वर तारे नसतातच, असा खुलासा खात्याला करावा लागला.) आता धडक जाणवताच बॅटरीची जोडणी तोडणारी यंत्रणा असते, काही गाड्यांत चक्क छोटासा स्फोट करून. 2018च्या जागतिक नियमावलीत एक सेल भडकला तर आतल्यांना बाहेर पडायला निदान 5 मिनिटं आधी इशारा मिळावा अशी अट आली. ते काम बरंचसं सॉफ्टवेअरचं. त्या पाच मिनिटांचा कोड लिहिणाऱ्यांना रात्री झोप कशी लागते, हा प्रश्न मला पडतो. माझ्या कोडमधल्या बगनं फार तर कुणाचं बिल चुकतं.

तर मग माणसं वाचतात का? वाचतात, आणि बऱ्यापैकी जास्त. आयआयएचएसच्याच भावंड संस्थेनं 2011 ते 2019 मधले विम्याचे दावे तपासले. एकाच मॉडेलची पेट्रोल आणि इलेक्ट्रिक आवृत्ती ताडून पाहता, इलेक्ट्रिकमधल्या प्रवाशांच्या इजेचे दावे 40 टक्क्यांहून कमी भरले. याचं एक कारण म्हणून संस्थेनं वजनाकडे बोट दाखवलं. इथं मला बारावीचं पुस्तक पुन्हा उघडावं लागतं.

3,000 किलोची आणि 1,000 किलोची अशा दोन गाड्या ताशी 50 वेगानं समोरासमोर आदळल्या आणि एकमेकींत अडकल्या असं समजा. संवेग अक्षय्यतेनुसार दोन्ही मिळून जड गाडीच्याच दिशेनं 25च्या वेगानं जातील. जड गाडीच्या वेगात 25चा फरक पडला. हलकी गाडी मात्र 50नं पुढे जात होती, ती 25नं मागे ढकलली गेली: फरक 75. झटका तिप्पट. म्हणजे त्या 40 टक्क्यांतला काही भाग दुसऱ्याच्या खिशातून आलेला आहे. 2023च्या जानेवारीत अमेरिकेच्या एनटीएसबीच्या अध्यक्ष जेनिफर होमंडी यांनी हेच जाहीरपणे बोलून दाखवलं. त्यांचं उदाहरण होतं हमर ईव्हीचं: वजन 4,000 किलोच्या वर, त्यातली नुसती बॅटरीच एका होंडा सिव्हिकइतकी.

ताऱ्यांत हे दिसत नाही. ताशी 64 वेगानं स्थिर अडथळ्यावर आदळवणं म्हणजे ढोबळमानानं गाडीची आपल्याच वजनाच्या गाडीशी टक्कर. युरो एनकॅपनं 2020 मध्ये यावर तोडगा काढला. समोरून 1,400 किलोचा गाडा चालवत आणायचा, आणि धडकेनंतर गाडीसोबत त्या गाड्याचंही तोंड तपासायचं. समोरच्याला फार बोचकारलं तर गुण कापायचे.

आपल्याकडची प्रगती थक्क करणारी आहे. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपनं पाच लोकप्रिय भारतीय गाड्या आदळवल्या तेव्हा पाचींना शून्य तारे मिळाले होते. त्यांत नॅनो होती, अल्टोही होती. दहा वर्षांनी, जून 2024 मध्ये, भारत एनकॅपनं नेक्सॉन ईव्ही आणि पंच ईव्हीला पाच तारे दिले. 2025च्या जानेवारीत महिंद्राच्या एक्सईव्ही 9ईला मोठ्यांच्या सुरक्षेत 32 पैकी 32 गुण पडले. बाबांना गाडी घ्यायची आहे आणि यातलीच एक घ्या असं मी त्यांना सांगितलं आहे.

पण भारत एनकॅपमध्ये समोरचा अडथळा अजून स्थिरच आहे. तारे दोन प्रकारचे मिळतात: एक आतल्या मोठ्यांसाठी, एक आतल्या मुलांसाठी. 2022 मध्ये भारतात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यांतली 44.5 टक्के दुचाकीवर होती.