मुलांचें साहस आणि वडीलधाऱ्यांचा विवेक

विद्यार्थ्यांस शाळेच्या चार भिंतींबाहेर नेऊन कांहीं दिवस डोंगरांत, रानांत वा समुद्रकांठीं ठेवावें, म्हणजे त्यांच्या अंगीं धैर्य व स्वावलंबन बाणतें, ही समजूत आज सर्वत्र रूढ झालेली आहे. परंतु अशा शिबिरांत जोखीम असते, व ती कोणीं वाहावयाची हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ब्रिटनमध्यें या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास जवळजवळ नव्वद वर्षें लागलीं. तें कसें मिळालें, हें येथें थोडक्यांत पाहण्याचा आमचा विचार आहे.

१९०७ च्या ऑगस्ट महिन्यांत बेडन-पॉवेल यांनीं डॉर्सेट परगण्यांतील ब्राउन्सी बेटावर सुमारें २० मुलांची छावणी भरविली. बोअर युद्धांत माफेकिंगचा वेढा २१७ दिवस झुंजविल्यामुळें हा सेनापति घरोघर ठाऊक झाला होता. छावणींतील कांहीं मुलें ईटनसारख्या धनिकांच्या शाळांतलीं, तर कांहीं बोर्नमथ व पूल या जवळच्या गांवांतील सामान्य घरांतलीं होतीं. वर्गभेदानें पोखरलेल्या त्या समाजांत या मुलांनीं एकत्र राहावें, हीच मोठी नवलाई होती. त्यांच्या चार तुकड्या पाडून प्रत्येकीचें नायकत्व त्यांच्यांतीलच एकाकडे दिलें होतें. मुलावर विश्वास टाकला कीं तो त्या विश्वासास जागतो, हें या प्रयोगाचें मर्म होय. पुढील वर्षीं बेडन-पॉवेल यांचें पुस्तक निघालें आणि बालवीरांची चळवळ देशोदेशीं पसरली.

या विश्वासास कसोटीची जोड दिली ती कुर्ट हान या जर्मन शिक्षकानें. हिटलरचा उघड निषेध केल्यामुळें १९३३ सालीं त्यास तुरुंग भोगावा लागला. सुटकेनंतर तो ब्रिटनमध्यें आला व १९३४ मध्यें त्यानें स्कॉटलंडांत गॉर्डनस्टन शाळा काढली. पुढें महायुद्धांत व्यापारी जहाजें बुडूं लागलीं, तेव्हां लॉरेन्स होल्ट या जहाजमालकास असें दिसून आलें कीं, बचावाच्या होडींत वयस्क खलाशी तग धरतात, पण धट्टेकट्टे तरुण आधीं धीर सोडतात. यावर उपाय म्हणून या दोघांनीं १९४१ सालीं वेल्समधील अॅबरडोव्ही येथें सागरी शाळा उघडली. 'आउटवर्ड बाउंड' संस्थेचा उगम हाच. १९४४ च्या शिक्षणविषयक कायद्यानें स्थानिक शिक्षणमंडळांस शिबिरें चालविण्याचा अधिकार दिला, आणि १९५० मध्यें डर्बीशर परगण्यानें व्हाइट हॉल येथें स्वतःचें केंद्र काढलें. मूठभरांचा प्रयोग अशा रीतीनें सार्वजनिक शिक्षणाचा भाग झाला.

परंतु मुलांची संख्या वाढली, त्या मानानें त्यांना नेणाऱ्यांची पारख वाढली नाहीं. १९७१ च्या नोव्हेंबरांत एडिंबरोच्या एका शाळेचीं ६ मुलें दोन तरुण मार्गदर्शकांसह केअर्नगॉर्म पठारावर हिमवादळांत सांपडलीं. त्यांतील ५ मुलें व एक मार्गदर्शक तरुणी गारठून मृत्यु पावलीं. १९९३ च्या मार्चमध्यें प्लिमथच्या ८ विद्यार्थ्यांची तुकडी कयाक होड्यांतून लाइम उपसागरांत शिरली. ती खुल्या समुद्रांत वाहवत गेली व ४ विद्यार्थी प्राणांस मुकले. या दुसऱ्या प्रसंगांतील सर्वांत दारुण गोष्ट समुद्रावरील नसून कागदावरील आहे. त्या केंद्राच्या दोन शिक्षकांनीं आदल्याच वर्षीं नोकरी सोडली होती, व सुरक्षिततेची व्यवस्था सुधारली नाहीं तर जीवितहानि होईल, असें चालकास लेखी बजावलें होतें. त्या पत्राची बूज राखली गेली नाहीं. १९९४ मध्यें चालकास कारावास झाला, आणि १९९५ मध्यें पार्लमेंटनें अशा केंद्रांस परवाना सक्तीचा करणारा कायदा केला.

नियमांनीं साहसाचा प्राण जातो, अशी तक्रार त्या वेळीं झाली व अद्यापि होते. आम्हांस ती पटत नाहीं. साहस म्हणजे अविचार नव्हे. मुलानें अंधारास भ्यावें आणि तरीहि पुढें पाऊल टाकावें, हें त्याचें शिक्षण. त्या अंधारांत खड्डा कोठें आहे हें आधींच पाहून ठेवणें, हें नेणाऱ्याचें कर्तव्य. पहिलें दुसऱ्यावांचून उभें राहत नाहीं. आज आपल्याकडेहि शाळांच्या सहली सह्याद्रीच्या गडांवर मुक्कामास जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र मुलांना कड्यावर नेण्यापूर्वीं, धोक्याची सूचना देणारा कोणी आपल्यांत आहे काय, आणि असल्यास त्याचें ऐकण्याची आपली तयारी आहे काय, एवढें प्रत्येक शिक्षकानें स्वतःस विचारावें.