हरित रोखे : भारत आणि चीन

भारतात येस बँकेने फेब्रुवारी 2015 मध्ये 1,000 कोटी रुपयांचे पहिले हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक प्रकल्पांसाठीचे कर्जरोखे, काढले. चीन जरा मागून आला, पण तयारीनिशी. डिसेंबर 2015 मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने नियमावली आणि पात्र प्रकल्पांची यादी जाहीर केली आणि पुढच्याच वर्षी चीन जगातल्या आघाडीच्या देशांत जाऊन बसला. त्या यादीत मात्र ‘स्वच्छ कोळसा’ही होता. हा दोष गंभीरच. तो 2021 मध्ये दूर झाला. सरकारी रोख्यांतही भारतच आधी आला. भारताने 2023 च्या आरंभी दोन लिलावांतून 16,000 कोटी रुपये उभारले, तर चीन सरकारचे पहिले हरित रोखे एप्रिल 2025 मध्ये लंडनमध्ये विकले गेले.