परोपजीवी गांधीलमाश्या : जालना जिल्ह्यातील पिकांवरील जातींची ओळख

किडीच्या अंड्यात, अळीत, पिलात किंवा कोषात, अथवा त्यांच्या अंगावर बाहेरून, स्वतःची अंडी घालून शेवटी तिचा जीव घेणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांचा गट. घराच्या वळचणीला पोळे करणाऱ्या गांधीलमाशीच्याच गणातल्या या जाती. पण पिकांत आढळणाऱ्या बहुतेकींची लांबी २-३ मिलिमीटरच्या आत असते आणि त्या माणसाला डसत नाहीत. शेतात त्यांना सरसकट चिलट समजले जाते. चिलटाला पंखांची एकच जोडी असते, यांना दोन. शिवाय वक्ष व उदर यांच्यामधली बारीक कंबर आणि मादीची अंडी घालण्याची नळी या खुणा भिंगाखाली दिसतात.

जालना जिल्ह्यात कापूस, मोसंबी, तूर, हरभरा आणि मका या पिकांवर या माश्यांना भरपूर यजमान किडी मिळतात. जात ओळखताना सुरुवात माशीपासून न करता ती जिच्यातून निघाली त्या किडीपासून करावी. यजमान माहीत असला की शेकडो जातींतून मोजक्याच विचारात घ्याव्या लागतात.

याचे सर्वांत चांगले उदाहरण मोसंबीवर मिळते. अंबड, घनसावंगी, बदनापूर भागातील बागांत नवती फुटली की कोवळ्या पानांवर सिट्रस सायलाची पिले रस शोषू लागतात. ग्रीनिंग रोगाचा प्रसारही हीच कीड करते. तिच्या पिलांवर दोन परोपजीवी जगतात. पहिली टॅमॅरिक्सिया रेडिएटा. १९२२मध्ये वॉटरस्टन यांनी अखंड पंजाबातील लायलपूरच्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले आणि पुढे १९७८मध्ये भारतातून रियुनियन बेटावर नेल्यावर तिने तिथल्या सायलाला आवर घातला. दुसरी डायफोरेन्सिर्टस अलिगारेन्सिस; १९७५मध्ये वर्णन झालेल्या या जातीचे नाव अलीगढवरून पडले.

दोघींनी मारलेली पिले तपकिरी, कडक होऊन पानाला चिकटून राहतात. अशा वाळल्या पिलाला ममी म्हणतात. माशी उडून गेलेली असली तरी ममीवरच्या छिद्रावरून जात कळते. टॅमॅरिक्सियाची मादी पिलाच्या पोटाखाली, पायांजवळ अंडे घालते. तिची अळी बाहेरून रस शोषते आणि प्रौढ माशी ममीचा पुढचा भाग, म्हणजे वक्षाची बाजू, कुरतडून बाहेर पडते. डायफोरेन्सिर्टस पिलाच्या आत वाढते आणि उदराच्या बाजूने निघते. दहापट भिंग हाती असलेल्या बागायतदाराला एवढ्यावर निर्णय करता येतो.

जिवंत माशी मिळाल्यास पाय पाहावेत. टॅमॅरिक्सिया युलोफिडी कुळातली आहे; तिच्या पावलाला चार पेरे असतात. डायफोरेन्सिर्टस एन्सिर्टिडी कुळातली. पावलाला पाच पेरे, मधल्या पायाच्या नडगीला टोकाशी मोठा काटा आणि छातीची बाजू फुगीर. ही ठेवण उडी मारण्यासाठी आहे. टॅमॅरिक्सियाच्या नराच्या शृंगिकांवर लांब केस असतात, मादीच्या आखूड.

कापसावरील पिठ्या ढेकणाचा परोपजीवीही एन्सिर्टिडीच. २००६-०७च्या सुमारास फेनोकोकस सोलेनोप्सिस ही पिठ्या ढेकणाची जात देशभरच्या कपाशीवर पसरली. तिच्यावर जगणाऱ्या काळ्या माशीचे मोहम्मद हयात यांनी २००९मध्ये वर्णन केले आणि कीटकशास्त्रज्ञ ओ. एम. बंबावाले यांच्या गौरवार्थ तिला एनासियस बंबावालेई हे नाव दिले. पुढे ही जात जुन्या एनासियस ॲरिझोनेन्सिसहून वेगळी नसल्याचे ठरले आणि आता तेच नाव ग्राह्य आहे. मादीच्या डोक्यावर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे दाट खळगे असतात, शृंगिकेचे पहिले पेर चपटे व रुंद असते. नर बराच लहान. ममी तांबूस तपकिरी, पिंपाच्या आकाराची. मात्र ममीतून निघालेली प्रत्येक माशी मित्रकीटक धरू नये. प्रोमस्किडिया ही माशी एनासियसवरच वाढते, त्यामुळे तिची संख्या जास्त निघाली तर शेतकऱ्याचे नुकसानच आहे.

सर्वांत अवघड ओळख ट्रायकोग्रामाची. शेतकऱ्यांच्या ओळखीच्या ट्रायकोकार्डावरची ही माशी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते. डोळे लाल, पावलाला तीनच पेरे, पंखांना केसांची झालर आणि पंखावरचे केस रांगांत. ट्रायकोग्रामाने आपली अंडी घातलेले किडीचे अंडे काळे पडते, पण टेलेनोमस या दुसऱ्या परोपजीवी माशीने अंडी घातलेले अंडेही काळेच पडते, तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नये. टेलेनोमस काळी, चकचकीत असून तिच्या पावलाला पाच पेरे असतात. शेंदरी बोंडअळीच्या अंड्यांसाठी वापरली जाणारी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री नराच्या शृंगिकेवरून वेगळी काढता येते : ट्रायकोग्रामाच्या नरात शृंगिकेचा शेवटचा भाग अखंड व लांब केसांचा असतो, ट्रायकोग्रामाटॉयडियात तो पेरांत विभागलेला असतो.

जातीपर्यंत जायचे तर मात्र बाह्यरूप पुरत नाही. शरीराचा रंग तापमानाप्रमाणे बदलतो, आकार यजमान अंड्याप्रमाणे. म्हणूनच भारतातील जातींना बराच काळ मिन्युटम, इव्हेनेसेन्स अशी परदेशी नावे चिकटली. बंगळुरूच्या जैविक नियंत्रण केंद्रात सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी संकराचे प्रयोग करून आणि १९७१च्या लेखात नराच्या जननेंद्रियांची रचना तपासून हा गोंधळ निस्तरला. त्यांचे हे काम जगभरच्या ट्रायकोग्रामा-वर्गीकरणाला आधार ठरले.  जुन्या पुस्तकांत ऑस्ट्रॅलिकम किंवा कन्फ्यूझम म्हणून भेटणारी भारतीय जात बहुधा आजची ट्रायकोग्रामा किलोनिस होय.

मोठ्या जाती त्यामानाने सोप्या. हरभरा व तुरीवरील लहान घाटेअळीतून निघणारी कॅम्पोलेटिस क्लोरिडी इक्न्यूमोनिडी कुळातली; या कुळात पुढच्या पंखात दोन परतीच्या शिरा असतात, ब्रॅकोनिडीत बहुधा एकच. मक्यावरील लष्करी अळीचा परोपजीवी किलोनस ब्रॅकोनिडी असून त्याच्या उदराची वरची बाजू एकसंध कवचाने झाकलेली असते. ब्रॅकिमेरियाची मागची मांडी जाड व दातेरी असते. ती पतंगांच्या कोषांतून निघते.

नमुना ठेवताना मोठी माशी त्रिकोणी कार्डाच्या टोकाला चिकटवतात. बारीक जाती अल्कोहोलमध्ये ठेवून नंतर काचपट्टीवर चढवतात. ट्रायकोग्रामाचे नर जरूर राखावेत, कारण एकट्या मादीवरून जात खात्रीने ठरत नाही. काही वाणांत वोलबाकिया जिवाणूमुळे पिढ्यान्‌पिढ्या माद्याच जन्मतात. तिथे जननेंद्रियांचा उपयोग नसतो आणि डीएनएमधील आयटीएस-२ हा भाग तपासावा लागतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत अशा दोन्ही पद्धतींनी ओळख पटवली जाते. तेथे नमुना पाठवताना कुपीत पिकाचे व किडीचे नाव, किडीची अवस्था, गाव आणि तारीख पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घालावी; शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.