ऋषी कोणत्या पट्टीत गातो?

दोडामार्गाहून साखळी हाकेच्या अंतरावर म्हणावी इतकी जवळ. मधली हद्द १९६१ पर्यंत परक्या अमलाची होती. जत्रेतल्या दशावताराची पायपेटी मात्र दोन्हीकडे सारखीच वाजत असे. रामदास कामत १९३१ साली जन्मले ते या साखळीत. त्यांच्या कारकिर्दीकडे आम्ही पाहू लागलो तो एका जर्मन गायकाच्या निमित्ताने.

कुर्ट मोल (१९३८–२०१७) हे ऑपेरातील खर्जाचे थोर गायक. युरोपीय ऑपेराने आवाजांची वर्णव्यवस्थाच बांधली आहे : तारस्वर प्रियकराचा, खर्ज राजाचा, धर्मगुरूचा. मोझार्टचा 'जादूची बासरी'तील सारास्त्रो, वाग्नरच्या 'पार्सिफल'मधील गुर्नेमान्झ हे मोल यांचे हुकमी ज्ञानवृद्ध. ज्ञान तिथे खोल स्वरात बोलते.

आमच्याकडे? 'मत्स्यगंधा'तील (१९६४) पराशर आणि 'ययाति आणि देवयानी'तील (१९६६) कच या दोन्ही तपस्व्यांना कामतांचा उंच, खणखणीत आवाज लाभला. दोन्ही नाटकांचे संगीत जितेंद्र अभिषेकींचे. लांबलचक आलापी आवरून त्यांनी पदे आटोपशीर केली. अशा पदात भाव मांडायला अवधी थोडा, म्हणून पहिलाच स्वर नेमका लागावा लागतो. कामतांचा तो लागे.

मराठी रंगभूमीने पुरुषस्वर वर चढवला, त्यामागे ध्वनिक्षेपकापूर्वीच्या नाट्यगृहांची गरज असावी. पण केवळ तेवढेच नव्हे. सारास्त्रो मोहाच्या पलीकडे पोचलेला असतो. सत्यवतीला सोडून जाणारा पराशर आणि देवयानीचे प्रेम नाकारणारा कच मोहातून स्वतःला सोडवत असतात. ती ओढाताण तारसप्तकातच ऐकू येते.

आणखी एक अंतर आम्हाला बोचते. मोल १९७० मध्ये हॅम्बुर्गच्या सरकारी ऑपेरागृहात रुजू झाले, २००६ मध्ये निवृत्त झाले. गाणे हाच त्यांचा चरितार्थ. कामतांनी एअर इंडियातील नोकरी सांभाळून नाटके केली. 'मत्स्यगंधा' रंगमंचावर आणले ते गोवा हिंदु असोसिएशनसारख्या हौशी बळावर उभ्या राहिलेल्या संस्थेने. २००९ साली कामत नाट्यसंमेलनाध्यक्ष झाले, २०२२ मध्ये गेले. मान मिळाला, व्यवस्था मिळाली नाही.

वर्गात आपण या नाटकांच्या संहिता शिकवतो. कागदावरचा कच कर्तव्यकठोर वाटतो. त्याच्या त्यागाची किंमत संहितेत नाही, कामतांच्या स्वरात आहे. तास सुरू करण्यापूर्वी एक ध्वनिमुद्रिका लावावी, एवढेच आम्ही सुचवतो.