दस्तुरीवर चाललेले तुरुंग

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये काउंटीला, म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाला, स्वतःचा तुरुंग असे. तो नावाला राजाचा, जबाबदारीने शेरीफ या राजप्रतिनिधीचा, पण व्यवहारात जेलरच्या चरितार्थाचे साधन होता. जेलरला बहुधा पगार नसे. आत येताना, सुटताना, बेड्या हलक्या करून घेताना आणि अंथरूण-पांघरुणापोटी कैद्याने द्यावयाची दस्तुरी हीच त्याची मिळकत, आणि आतच दारू विकून तो तिच्यात भर घाली. शिवाय जुने कैदी नव्या कैद्याकडून ‘गार्निश’ नावाची पट्टी उकळीत आणि पैसे नसल्यास त्याच्या अंगावरचे कपडे उतरवून घेत. आतली गर्दी मुख्यतः ऋणकोंची होती: तुरुंगसुधारक जॉन हॉवर्डच्या 1776 च्या गणतीत 4,084 कैद्यांपैकी 2,437 जण कर्जापायी अडकलेले होते.

हॉवर्ड 1773 मध्ये बेडफर्डशरचा शेरीफ झाला, तेव्हा निर्दोष सुटलेली माणसेही दस्तुरी थकल्यामुळे पुन्हा डांबली जातात हे त्याच्या नजरेस आले. जेलरला काउंटीने पगार द्यावा, असे त्याने सुचवताच स्थानिक दंडाधिकाऱ्यांनी पूर्वीचा दाखला मागितला. तो शोधण्यासाठी त्याने शेजारच्या काउंट्या पालथ्या घातल्या, परंतु दाखल्याऐवजी तोच अन्याय सर्वत्र आढळला. कोठड्यांची दुर्गंधी कपड्यांत इतकी मुरे, की बंद गाडीत बसवत नसल्याने तो घोड्यावरून फिरे, आणि टिपणवहीची पाने तास-दोन तास विस्तवापुढे उघडी ठेवल्याखेरीज ती हाती धरवत नसे. याच कोंदट गर्दीत उवांमार्फत ‘तुरुंगताप’, म्हणजे टायफस, फैलावे. 1750 मध्ये त्याने लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात लॉर्ड मेयरसह न्यायाधीशांचाही बळी घेतला होता, तरी परिणामकारक कायद्यास आणखी चोवीस वर्षे लागली.

1774 च्या दोन कायद्यांनी निर्दोष सुटलेल्यांची दस्तुरी काउंटीच्या तिजोरीवर टाकली आणि दरवर्षी भिंती खरवडून चुना देण्याचे व वैद्य नेमण्याचे बंधन घातले. अंमल मात्र अनेक ठिकाणी कागदावरच राहिला. हॉवर्डच्या कनवाळूपणाची स्तुती पुष्कळ झाली आहे, परंतु त्याची खरी पकड हिशेबावर होती: कैद्यांच्या खिशावर जगणारा जेलर शिस्त, स्वच्छता वा वर्गवारी यांत रस घेणार नाही, हे त्याने ओळखले. 1823 च्या कायद्याने जेलरला पगार, कैद्यांची वर्गवारी आणि स्त्री-कैद्यांवर स्त्रियांचीच देखरेख हे नियम घातले, आणि 1 एप्रिल 1878 पासून हे तुरुंग काउंट्यांकडून काढून गृहमंत्र्यांच्या अखत्यारीत देण्यात आले. वर्गवारीचे तेच तत्त्व पुढे ब्रिटिश हिंदुस्थानच्या 1894 च्या तुरुंग कायद्यात उतरले. त्याच्या कलम 27 नुसार स्त्रिया पुरुषांपासून, कच्चे कैदी शिक्षा झालेल्यांपासून आणि दिवाणी कैदी फौजदारी कैद्यांपासून वेगळे ठेवावे लागतात.